फाउंटनच्या यादीतली तीन नावं

(नवी मुंबईत तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आयोजकांनी 'आपली ओळख' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ओळखीवर आपण इतकं बोलतो की बोलून बोलून घसा बसतो. त्यापेक्षा मी एका चौकावर बोलते. बोलता बोलता ओळखीचं काय ते निघेलच.

चौक तुमच्या माहितीचा आहे. मुंबईतला हुतात्मा चौक. माझे अब्बा शेवटपर्यंत त्याला 'फाउंटन'च म्हणायचे. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? बरेच हात दिसतायत. कॉलेजला जाता-येता, हायकोर्टाच्या कामाला, फॅशन स्ट्रीटला खरेदीला गेलात की वाटेत लागतो. आता दुसरा प्रश्न. ज्या हुतात्म्यांच्या नावाने तो चौक आहे, त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव कोण सांगेल? एकही हात नाही. लाजू नका. मी तुमच्या वयाची होते तेव्हा मलाही एक नाव सांगता आलं नसतं.

मला ती नावं कशी भेटली ते सांगते.

2009 साली आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. एका घरमालकांशी फोनवर बोलणं झालं. मी मराठी शाळेत शिकवते, बोलण्यात कोकणचा हेल आहे. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, "बरं झालं बाई, आपली मराठी माणसं मिळाली." भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, चावी कधी घ्यायची तेही ठरलं. शेवटी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग, "मॅडम, मिसेसना विचारून कळवतो." ते अजून कळवतायत.

यात नवीन काही नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या घरांत ही गोष्ट घडलेली असेल. पण माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "अम्मी, म्हणजे आपण मराठी नाही?" आणि त्याच महिन्यात एका लग्नात आमच्या नात्यातल्या एका खालाने तिला विचारलं होतं, "मराठी शाळेत जातेस? उर्दू नाही? मग तू कसली मुसलमान?" बारा वर्षांच्या पोरीला दोन बाजूंनी दोन दारं बंद दिसली.

मला उत्तर सुचेना. शिक्षिका असून सुचेना. मला अब्बांनी सांगितलेलं आठवलं, आणि त्या रविवारी मी तिला हार्बर लाइनने व्हीटीला घेऊन गेले. तिथून दादाभाई नौरोजी रोडने चालत फाउंटनला.

आधी चौक बघा. मधोमध पांढऱ्या दगडाचं कारंजं आहे, 1864 सालचं. वर फ्लोरा उभी आहे, रोमन लोकांची फुलांची देवी. त्या जागी पूर्वी मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. किल्ल्याच्या भिंती पाडल्या, शहर बाहेर पसरलं आणि दरवाज्याच्या जागी कारंजं आलं. म्हणजे जिथे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरत होतं, तिथे चारी बाजूंनी येण्याजाण्याची मोकळी जागा झाली. कारंज्याच्या जवळच दुसरं स्मारक आहे. एक शेतकरी आणि एक कामगार, हातात मशाल. ते संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं.

आता थोडा इतिहास. पुस्तकात चार ओळींत संपतो, पण आपल्याला त्यातल्या दोन-तीन गोष्टींशी काम आहे.

स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्यं करायची मागणी देशभर होती. त्यासाठी केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती फजल अली. 1955 साली आयोगाचा अहवाल आला. मराठी लोकांना मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. आयोगाने सुचवलं गुजराती-मराठी असं द्विभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. महाराष्ट्र पेटला. 21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईत हरताळ होता. विधिमंडळाची बैठक चालू होती आणि लोक तिकडे निघाले होते. कामगार होते, विद्यार्थी होते, बायका होत्या. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी त्यांना अडवलं आणि गोळीबार झाला. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते.

पुढे 16 जानेवारी 1956 ला पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. त्यानंतरचा आठवडा शहराने कर्फ्यू आणि गोळीबारात काढला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला. समिती झाली, द्विभाषिक राज्य झालं, निवडणुका झाल्या, आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. या सगळ्यात ज्यांचे जीव गेले त्यांना आपण 106 हुतात्मे म्हणतो.

माझे अब्बा त्या जानेवारीत वीस-बावीस वर्षांचे होते. खेड तालुक्यातून आलेले, गोदीत कामाला, गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहणारे. ते काही चळवळीतले नव्हते. पाळी संपवून परत येताना गल्लीच्या तोंडाशी गोळीबार चालू होता, म्हणून रात्रभर एका वखारीत लपून बसले, एवढीच त्यांची गोष्ट. मी लहानपणी विचारायचे, "अब्बा, तुम्ही तर मोर्च्यात नव्हता, मग लपलात कशाला?" ते म्हणायचे, "गोळी काय नाव विचारून येते?"

हे वाक्य मी तीस वर्षं नुसतंच ऐकून सोडून दिलं होतं. हुतात्म्यांची यादी वाचली तेव्हा ते कळलं.

ती यादी दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते. मी ती वहीत उतरवून नेली होती आणि स्मारकापाशी उभं राहून मुलीला वाचायला दिली. ती मोठ्याने वाचत होती. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल शेठ. पुढे के. जे. झेवियर, पी. एस. जॉन. पुढे बालण्णा मुत्तण्णा कामाठी. वाचता वाचता ती थांबली. "अम्मी, मोहमद अली." मग आणखी खाली, सय्यद कासम. आणखी खाली, मुनशी वझीर अली. होरमसजी करसेटजी. रावजीभाई डोसाभाई पटेल. आणि बायका: ठमाबाई विठ्ठल सूर्यभान. निपाणीच्या कमळाबाई मोहिते.

त्या दिवसांत मराठी-गुजराती असा विखारही शहरात होता. दगडफेक झाली, दुकानं फुटली. ते लपवायचं कारण नाही. तरी मराठी राज्याच्या हुतात्म्यांत शेठ आहेत आणि पटेल आहेत. यातला कोण घोषणा देत होता आणि कोण अब्बांसारखा नुसता घरी चालला होता, हे गोळीने पाहिलं नाही. यादी करणाऱ्यांनीही पाहिलं नाही. त्यांनी मोहमद अलींना 'मुस्लिम हुतात्मे' असं वेगळं पान दिलं नाही. पवार, कदम, जाधव यांच्या ओळीतच लिहिलं.

आणखी एक बघा. ज्या अहवालाविरुद्ध लोक रस्त्यावर आले त्या आयोगाचे अध्यक्ष फजल अली. ज्यांनी जीव दिला त्यांच्यात मोहमद अली आणि वझीर अली. नावावरून माणूस कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही, याचा याहून सोपा धडा मला वर्गात कधी सापडला नाही.

आता इथे मला तुम्हाला सावध करायचं आहे. ही तीन नावं ऐकून तुमच्या मनात आलंच असेल की उद्या कोणी 'तुम्ही मराठी कुठले' म्हटलं की ही यादी तोंडावर फेकायची. मीही काही दिवस ते केलं. स्टाफरूममध्ये केलं, लग्नात केलं. मग माझी मला लाज वाटली. सय्यद कासम काही माझ्या भाड्याच्या घरासाठी शिफारसपत्र द्यायला मेले नव्हते. आणि आज समजा त्या यादीत एकही मुसलमान नाव नसतं, तर मी कमी मराठी झाले असते का? ज्या भाषेत माझ्या आईने मला रागावलं, ज्या भाषेत मी चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गांना बेरीज-वजाबाकी शिकवली, ती माझीच आहे. त्यासाठी कोणाच्या रक्ताची पावती दाखवायची गरज नाही.

मग ती नावं कशासाठी लक्षात ठेवायची? माझ्यापुरतं उत्तर असं आहे: चौक कोणाचा, तर जो सगळ्यांच्या प्रश्नासाठी तिथे उभा राहिला त्याचा. आपण बहुतेक वेळा फक्त आपल्यावर अन्याय झाला की रस्त्यावर येतो. ते चूक नाही, यायलाच हवं. पण शेजाऱ्याच्या प्रश्नाला आपण कधी उभे राहतो?

शाहीर अमर शेखांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईकडून लोकगीतं ऐकत मोठे झालेले. गिरणी कामगारांत वावरले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावट्याच्या कलापथकात गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना त्यांचा डफ वाजला की मैदान भरायचं. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार यांची भाषणं ऐकायला लोक यायचे, आणि शाहिरांना ऐकायलाही यायचे. त्या लाखोंच्या सभेत कोणी त्यांना म्हटलं नसेल की शेखसाहेब, तुमचं मराठी छान आहे हो! हे वाक्य आपल्याला किती वेळा ऐकावं लागतं? त्यांना ते ऐकावं लागलं नाही, कारण लोक जे बोलायला धडपडत होते ते हा माणूस त्यांच्याआधी गाऊन मोकळा होत होता.

आता मुलींसाठी. मुलग्यांनीही ऐका.

माझी आई मला सांगायची, "चौकात उभी राहू नकोस." दूध आणायला जा, शाळेत जा, पण चौकात थांबायचं नाही. चौक पुरुषांचा. टपरी त्यांची, कट्टा त्यांचा, निवडणुकीच्या गप्पाही त्यांच्याच. तिचा हेतू काळजीचा होता, मी तिला दोष देत नाही. पण मी जन्मायच्या दोन वर्षं आधी, 18 एप्रिल 1966 ला, सात मुसलमान बायका मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. विधिमंडळ तेव्हा तिथे भरायचं. 1955 चे मोर्चेवालेही तिकडेच निघाले होते. सात बायका! तुमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला याहून जास्त असतात. त्यांना संघटित केलं होतं हमीद दलवाईंनी, आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या माणसाने. मागण्या होत्या तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान कायदा द्या. पुढे 1970 साली दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं.

दलवाईंच्या सगळ्या मतांशी तुम्ही सहमत व्हावं असं माझं म्हणणं नाही. आमच्याच घरात त्यांच्यावरून भांडणं व्हायची. पण त्या सात जणींनी काय केलं ते बघा. घरात कुजबुजायची गोष्ट त्यांनी रस्त्यावर आणली. 'बाहेरच्यांसमोर घरचं उणं कशाला' हे त्यांनाही सांगितलं गेलं असेलच. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 ला. मोर्च्यापासून 51 वर्षांनी. मुलींनो, हे अंतर लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी सात जणीच असतात.

म्हणून मी म्हणते, चौकात उभं राहायचं तर दोन्हीकडे तोंड करावं लागतं. सरकारला प्रश्न विचारायचा आणि घरालाही. भाड्याचं घर नाकारणाऱ्याला विचारायचं, आणि बहिणीच्या वाट्याची जमीन भावाच्या नावावर गुपचूप चढवणाऱ्या आपल्या चाचालाही विचारायचं. एकच प्रश्न विचारला तर लोक म्हणतात, यांना फक्त आपलं दिसतं. आणि ते तेव्हा पूर्ण खोटं नसतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. तुम्ही म्हणाल, मॅडम, मुंबईला फाउंटन आहे, आपल्या नवी मुंबईत काय आहे? सेक्टर आहेत. प्लॉट नंबर आहेत. मॉल आहेत. सिडको 1970 साली स्थापन झाली, शहर कागदावर आखलं गेलं, त्याला कसला आलाय ऐतिहासिक चौक?

पण हे शहर रिकाम्या जागेवर उभं राहिलेलं नाही. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनीवर ते उभं आहे. शेतं होती, मिठागरं होती, आगरी-कोळ्यांची घरं होती. तळोजे, पनवेल, उरणची कोकणी मुसलमानांची वस्तीही सिडकोच्या आधीची. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. तुम्ही घराच्या जाहिरातीत 'साडेबारा टक्क्यांचा प्लॉट' हे शब्द वाचता ना? त्या शब्दांमागे ते पाच जण आहेत. ज्या घरासाठी मला फोनवर नकार मिळाला, तेही अशाच कोणाच्या तरी शेतावर बांधलेलं असणार.

म्हणजे आपल्यालाही हुतात्मे आहेत. आपल्याला त्यांची आठवण नाही, एवढाच फरक.

चौक आता आकसत चाललेत, हेही खरं. मुंबईत आज मोर्चा म्हणजे आझाद मैदान, आणि तेही त्याचा ठरवून दिलेला कोपरा. फाउंटनला कोणाला थांबायला वेळ नसतो. आपल्याकडे कोकण भवनवर नाहीतर महापालिकेच्या मुख्यालयावर मोर्चे जातात, आणि आपल्यातले बरेच जण ते बसच्या खिडकीतून बघतात आणि ट्रॅफिकला शिव्या देतात. मीही दिल्यात. पण ज्याला आज ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा राग येतो, त्याचा मोर्चा उद्या निघाला की रस्त्यात दुसरं कोणी तरी अडकणार आहे. हे उमगलं तरी पुष्कळ झालं.

शेवटी तीन कामं सांगते. शिक्षिका आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडत नाही.

पहिलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की 1956 मध्ये, 1984 मध्ये, गिरणी संपात, 92-93 मध्ये ते कुठे होते. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या अब्बांचं मी एक वाक्य वाचवलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. मोहमद अली, सय्यद कासम, मुनशी वझीर अली यांची घरं कोणती, मागे कोण राहिलं, हेही कोणीतरी शोधायला हवं. ते तुम्ही का नाही?

दुसरं, यंदा एक तरी प्रश्न असा हातात घ्या जो फक्त मुसलमानांचा नाही. वॉर्डातलं पाणी असेल, पालिकेच्या शाळेतली शिक्षकांची रिकामी जागा असेल, कंत्राटी सफाई कामगारांचा पगार असेल. अर्ज मराठीत लिहा, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा, आणि सही करायला शेजारच्यालाही घ्या. दहा जणांनी एकत्र सही केलेल्या अर्जावर तुमचं नाव नऊ शेजाऱ्यांच्या ओळीत असेल. त्या यादीत मोहमद अलींचं आहे तसंच.

तिसरं काम फक्त मुलग्यांना. चौकात, कट्ट्यावर, मीटिंगला बहिणीला बरोबर न्या. आणि तिला बोलू द्या.

माझी मुलगी आता मोठी झाली. तिने 'आपण मराठी नाही का' हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. मी तिला काही उत्तर दिलं म्हणून नाही. त्या दिवशी फाउंटनवरून परत येताना ट्रेनमध्ये एका काकूंनी तिला विचारलं, "कुठे गेली होतीस गं?" ती म्हणाली, "आमच्या चौकात." मानखुर्द गेलं, खाडीचा पूल आला, आणि काकू तिला हुतात्मा चौकाबद्दल आपल्या वडिलांची गोष्ट सांगत होत्या. त्यांचे वडील गिरणीत होते.

21 नोव्हेंबरला सकाळी मी जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी वाशी स्टेशनवर सात वाजता भेटा. पाण्याची बाटली घ्या, टोपी घ्या. यादी मी आणते.